बाळाचं सगळं आणून झालं, पण बाळंतिणीच्या आरामाची तयारी कशी करायची?

आठवा_महिना

नमस्कार. मला ३४वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. परवा रात्री कपाट आवरत बसले होते आणि एकदम लक्षात आलं की बाळाचं सगळं आणून झालंय, कपडे दोनदोनदा धुवून घड्या घालून ठेवलेत, डायपर, टॉवेल, नखं कापायची छोटी कात्री सुद्धा, पण माझ्यासाठी म्हणून त्या कपाटात एक वस्तू नाहीये. आणि वस्तू सोडा, घरी आल्यावर पहिले दीड-दोन महिने कसे जाणार, माझ्या जेवणाचं कोण बघणार, रात्री कोण उठणार, याबद्दल मी आणि नवरा एकदाही नीट बसून बोललेलो नाही.

घरात आम्ही दोघंच. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे ती येऊ शकत नाही, सासूबाई येतील पण त्यांना १० दिवसांच्या वर राहता येणार नाही. नवऱ्याला ३ आठवडे रजा मिळतेय. डॉक्टर म्हणतायत सगळं नॉर्मल आहे, तरी सिझेरियन लागलंच तर त्याचीही तयारी असावी असं वाटतं.

ज्यांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा, आधीपासून काय करून ठेवलं होतं म्हणून नंतर खरंच आराम मिळाला? खाण्याचं काय, झोपेचं काय, आणि शरीराचं असं काय काय होतं जे आधी कुणी बोलत नाही? मोकळेपणाने लिहा, मी आणि नवरा दोघं बसून वाचणार आहोत.

दोन_पिल्लांची_आई

अगं किती बरं झालं हा प्रश्न तुला आत्ताच पडला. मला पहिल्या वेळी पडलाच नव्हता. माझं पहिलं सिझेरियन, दुसरं नॉर्मल, मधे ४ वर्षं. दोन्ही बाळंतपणांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि लोकांना वाटतं की तो सिझेरियन-नॉर्मलचा फरक, पण मला विचारशील तर तो तयारीचा होता.

पहिल्या वेळी घरी आल्यावर पाचव्या का सहाव्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून गार झालेला भात खात होते, एक हात ताटात आणि दुसरा पोटाच्या टाक्यांवर दाबून धरलेला, कारण उभं राहिलं की ओढ बसायची. घरात माणसं नव्हती असं नाही, तिघं होती. पण जो तो बाळाला घ्यायला आलेला. "दे इकडे, मी घेतो बाळाला, तू तुझं आवर" म्हणायचे आणि माझं आवरणं म्हणजे भांडी, कपडे, आलेल्यांचा चहा. त्यांना दोष देत नाही मी, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं आणि मला मागता आलं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी वस्तूंची यादी बाजूला ठेवली आणि कामांची यादी केली. एका मोठ्या कागदावर घरात दिवसभरात होणारी सगळी कामं लिहिली, अगदी पाण्याच्या बाटल्या भरणं, कचरा बाहेर ठेवणं, मोठ्याला शाळेत सोडणं, डायपर संपत आले की आणणं, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. "आपण दोघं" असं लिहायचं नाही, एकच नाव, कारण दोघांचं काम म्हणजे शेवटी आईचं काम होतं. माझं नाव फक्त दोन ठिकाणी होतं, बाळाला पाजणं आणि झोपणं. ज्या कामाला नावच मिळेना ते ६ आठवड्यांसाठी सरळ रद्द केलं. इस्त्री रद्द, पडदे धुणं रद्द. कागद फ्रिजवर चिकटवला आणि कुणी "काही मदत करू का" म्हटलं की मी त्या कागदाकडे बोट दाखवायचे. माझा दीर, ज्याने आयुष्यात कधी वॉशिंग मशीन लावलं नव्हतं, तो ३ आठवडे रोज येऊन मशीन लावून कपडे वाळत घालून जायचा. त्याला काम ठरवून मिळालं होतं, एवढंच.

आता खाणं. अंगावर पाजणार असशील तर भूक अशी लागते की तुला स्वतःलाच आश्चर्य वाटेल, रोजच्यापेक्षा साधारण ४०० ते ५०० कॅलरी जास्त लागतात आणि ती भूक जेवणाच्या वेळा बघून येत नाही, रात्री अडीचला येते. तेव्हा घरात तयार काही नसलं तर माणूस बिस्किटांवर भागवतो आणि सकाळी हातपाय गळाल्यासारखे वाटतात. ३६व्या आठवड्यापासून रोजचा स्वयंपाक करताना थोडा जास्त कर आणि तो जास्तीचा फ्रीजरमध्ये टाक, वेगळा घाट घालू नकोस, तू पण दमलेली आहेस. शिजवलेली डाळ, कडधान्यं, भाज्यांचं घट्ट सूप, खात असाल तर चिकन, हे सगळं छान राहतं. एका वेळच्या मापाचे छोटे डबे कर, मोठा डबा एकदा काढला की तो संपवायची जबाबदारी येते. तारीख लिही. उकडलेली अंडी फ्रीजरमध्ये नको, पांढरं रबरासारखं होतं, ती तीन-चार दिवसांची फ्रिजमध्ये खाली ठेवायची.

आणि पलंगाशेजारी एक टोपली. हे माझं सगळ्यात आवडतं. त्यात पाण्याची मोठी बाटली (एका हाताने उघडेल अशी, हे महत्त्वाचं, फिरवायच्या झाकणाची नको), सुकामेव्याचा डबा, एखादं फळ, पॅड, मऊ रुमाल, गोळ्या, फोनचा चार्जर. बाळाने दूध ओढायला सुरुवात केली की दोन मिनिटांत घशाला कोरड पडते आणि तेव्हा तू उठू शकत नाहीस. रोज संध्याकाळी ही टोपली भरणं हे माझ्या नवऱ्याच्या नावावर होतं. एकदा तो विसरला आणि रात्री मला रडू आलं इतकी त्याची सवय झाली होती.

सिझेरियन झालंच तर: सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं. खोकला, शिंक, हसू, काहीही येतंय असं वाटलं की उशी पोटाशी घट्ट धरायची. ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, पाण्याची बादली सुद्धा नाही. म्हणून रोज लागणाऱ्या वस्तू आत्ताच कमरेच्या उंचीवर आणून ठेव, खालच्या ड्रॉवरमध्ये काही नको.

वॉर्डातली_सिस्टर

मी प्रसूती वॉर्डमध्ये १४ वर्षं नर्स आहे. वरच्या ताईंनी घराचं फार छान लिहिलंय, मी शरीराचं लिहिते कारण डिस्चार्जच्या वेळी आम्ही सगळं भराभर सांगतो आणि पेशंटचं सगळं लक्ष बाळाकडे असतं, कानावरून जातं.

रक्तस्राव. नॉर्मल असो की सिझेरियन, ४ ते ६ आठवडे चालतो. पहिले ३-४ दिवस लाल, मग गुलाबीसर तपकिरी, मग पिवळट पांढरा होत जातो. मोठे जाड पॅड आणून ठेवा, टॅम्पॉन किंवा कप (पाळीत आत घालायचे) सध्या नको, इन्फेक्शनचा धोका असतो. कमी होत आलेला स्राव एखाद्या दिवशी परत लाल आणि जास्त झाला तर आदल्या दिवशी काय केलं ते आठवा, बहुतेक वेळा जास्त धावपळ झालेली असते, तेव्हा आडवं व्हायचं. पण एका तासात एक पॅड पूर्ण भिजला, किंवा अंड्याएवढ्या गाठी पडायला लागल्या, तर आराम करून बघू म्हणायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पाजताना ओटीपोटात कळा येतात, पाळीसारख्या. घाबरू नका, बाळ ओढतं तेव्हा ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि त्याने गर्भाशय आकसतं. दुसऱ्या बाळाच्या वेळी जास्त जाणवतात. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण ६ आठवडे लागतात.

खालचे टाके. लघवीला जळजळतं. मऊ प्लास्टिकची बाटली घ्या, झाकणाला तीन-चार भोकं पाडा, कोमट पाणी भरा आणि लघवी होत असतानाच समोरून त्यावर सोडत राहा. इतका साधा उपाय आहे पण बायका म्हणतात सिस्टर आधी का नाही सांगितलंत. मग मऊ कापडाने टिपून घ्या, पुसायचं ते पुढून मागे. पहिले एक-दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवला की सूज उतरते.

शौचाची भीती. याबद्दल कुणी बोलत नाही आणि प्रत्येकीला असते. टाके उसवतील या भीतीने बायका जात नाहीत, मग खडा होतो, मग खरंच त्रास होतो. टाके असे सहज उसवत नाहीत. स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकं दाबून धरा, पाय छोट्या स्टुलावर ठेवा म्हणजे गुडघे वर येतील, श्वास सोडत राहा, जोर करू नका. पाणी, फळं, पालेभाज्या, सालीसकटची धान्यं पहिल्या दिवसापासून. तरी नाही झालं तर डॉक्टरांना मल मऊ करणारं औषध मागा, लाजू नका.

लोहाच्या गोळ्या. डिलिव्हरी झाली म्हणून बंद करू नका, नंतरही ६ ते १२ आठवडे दिल्या जातात, तुमच्या हिमोग्लोबिनप्रमाणे डॉक्टर सांगतील. चहा-कॉफीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, निदान तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लिंबू किंवा संत्र्याबरोबर घेतली तर उत्तम.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. डिलिव्हरी झाली की बीपीचा धोका संपला असं सगळ्यांना वाटतं, तो संपत नाही. ६ आठवड्यांपर्यंत बीपी वाढू शकतं, गरोदरपणात एकदाही न वाढलेल्या बाईचं सुद्धा, आणि ते बरेचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकी तुम्ही घरी आलेल्या असता. डोकं खूप दुखतंय आणि थांबत नाहीये, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा-हात एकदम सुजणं, हे झोप न झाल्यामुळे असेल म्हणून सोडू नका. शक्य असेल तर घरी बीपीचं मशीन ठेवा. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, १६०/११० किंवा वर असेल तर तसंच उठून इमर्जन्सीला.

तसंच १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यातून पू किंवा घाण वास, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं. ही यादी नवऱ्याला आणि सासूबाईंना पाठ करायला लावा, कारण बाळंतीण स्वतः नेहमी "होईल कमी" म्हणते, १४ वर्षांत मी हेच वाक्य सगळ्यात जास्त ऐकलंय.

तपासणीला ६ आठवड्यांनी एकदाच जायचं असतं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पहिल्या २४ तासांनंतर किमान तीन वेळा तपासणी सांगितलीय, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मग ७ ते १४ दिवसांत, आणि मग सहाव्या आठवड्यात. तारखा आत्ताच कॅलेंडरवर मांडून ठेवा.

रात्रपाळी_बाबा

बाबांकडून एक उत्तर असू दे. आठवा_महिना, हे नवऱ्याला वाचायला द्या.

आमच्याकडे पहिला आठवडा आम्ही दोघंही प्रत्येक वेळी उठत होतो. बाळ रडलं की दोघं जागे, दिवा लागलेला, दोघं चिंतेत. मला वाटायचं हीच साथ. आठव्या दिवशी दोघंही इतके थकलो की बायकोला पॅरासिटामॉल कुणी कधी दिलं यावरून वाद झाला. मग बायको म्हणाली, आपल्यातल्या एकाने तरी शहाणं राहायला पाहिजे, आपण रात्र वाटून घेऊ.

आम्ही असं केलं. रात्री ९ ते २ बाळ माझ्याकडे, बाहेरच्या खोलीत. ती आत, दार बंद, फोन बाहेर. भूक लागली की मी बाळाला तिच्याजवळ न्यायचो, ती कुशीवर पडल्या पडल्या पाजायची, मी शेजारी जागा बसून असायचो म्हणजे दोघं तसेच झोपून जाणार नाहीत, पाजून झालं की मी बाळाला घेऊन बाहेर. ढेकर काढणं, डायपर, परत झोपवणं, रडत असेल तर फिरवणं सगळं माझं. ती एका वेळी २०-२५ मिनिटंच जागी व्हायची आणि उठून बसायचीही नाही. २ नंतर मी झोपायचो. बाळाला झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, आजूबाजूला उशा-पांघरुणं नाहीत, आणि आपण डुलक्या काढत असताना सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन बसायचं नाही, ते खूप धोक्याचं आहे. मला झोप यायला लागली की मी उभा राहायचो.

"बाळ झोपलं की तू पण झोप" हा सल्ला सगळे देतात. तो तेव्हाच जमतो जेव्हा बाळ झोपल्यावर ओट्यावर भांडी दिसत नाहीत. बाईला झोपायचं असतं हो, तिला दिसतं की आपण झोपलो तर हे असंच पडून राहणार. म्हणून ती झोपायच्या आधी मी स्वयंपाकघर आवरून टाकायचो.

एक वही ठेवली होती. बाळाने कधी प्यायलं, ओले डायपर किती, शी किती, बायकोची गोळी कधी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान ६ ओले डायपर असले की दूध पुरतंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि वहीत ते दिसायचं, त्यामुळे "दूध पुरत नसेल का" ही तिची रात्रीची काळजी खूप कमी झाली. तिला आठवायला लागू नये एवढाच त्या वहीचा उद्देश.

जेवणाबद्दल एकच. ताट वाढून "जेवायला ये" म्हणू नका, ताट तिच्याजवळ न्या आणि बाळ स्वतः घ्या, ती शेवटचा घास खाईपर्यंत परत देऊ नका.

शांत_दुपार

सगळं छान लिहिलंय पण मी थोडं वेगळं सांगेन. माझ्या वेळी मला १५ दिवस पलंगावरून उतरूच दिलं नव्हतं, फक्त बाथरूमला जायचं. तेव्हा वैताग आला होता पण आज वाटतं त्यामुळेच माझी कंबर शाबूत आहे. हल्लीच्या मुली चौथ्या दिवशी घरभर फिरतात, मग पुढे त्रास होतो. पूर्ण झोपून राहा एवढंच सांगेन.

वॉर्डातली_सिस्टर

शांत_दुपार ताई, तुमच्या घरच्यांनी तुम्हाला कामाला लावलं नाही हे फार मोलाचं आहे, ते प्रत्येकीला मिळायला हवं. पण सतत पडून राहणं मी कुणाला सांगणार नाही. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, सिझेरियन झालेलीला आणखी. पडून राहिलं की तो वाढतो. म्हणून तर आम्ही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालवतो. दिवसातून चार-पाच वेळा खोलीतल्या खोलीत सावकाश फेऱ्या, पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवणं, एवढं हवंच. काम नको, हालचाल हवी. ओटीपोटाखालचे स्नायू आत ओढून सोडण्याचा व्यायाम सुद्धा दुखत नसेल तर पहिल्या आठवड्यात हळूहळू सुरू करता येतो, शिंकताना लघवी सुटणं त्याने सुधारतं. पोटाचे व्यायाम आणि वजन उचलणं मात्र ६ आठवड्यांची तपासणी झाल्यावरच.

निळी_छत्री

मी इथे फारसं लिहीत नाही पण या धाग्यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

माझ्याकडे सगळी तयारी होती. डबे होते, माणसं होती, नवरा रात्री उठत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू यायला लागलं, ते बहुतेक सगळ्यांना येतं, हार्मोन्स एकदम खाली येतात आणि आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. माझं ओसरलं नाही. रडणं थांबलं उलट, आणि त्याजागी काहीच वाटेनासं झालं. बाळ समोर असायचं, मी सगळं करायचे, वेळेवर पाजायचे, आणि मला वाटायचं मी दुसऱ्या कुणाचं तरी बाळ सांभाळतेय. आणि बाळ झोपलेलं असताना, सगळं शांत असताना सुद्धा मला झोप यायची नाही. ही खूण मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं. थकलेल्या बाईला संधी मिळाली की झोप लागते, मला संधी असून लागत नव्हती.

मी सहाव्या आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं, तेही नवऱ्याने आधी बोलल्यामुळे. त्यांनी १० प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, एडिनबर्ग स्केल म्हणतात त्याला, पाच-सात मिनिटांत होतो. मग समुपदेशन आणि औषध, बाळाला पाजत असताना चालणारं. दोन महिन्यांनी एका सकाळी बाळाची जांभई बघून मला हसू आलं आणि मी तिथेच बसून राहिले, कारण किती दिवसांनी हसले ते मला आठवत नव्हतं.

म्हणून तयारीत हे पण घाला. आत्ता, बाळ यायच्या आधी, एक माणूस ठरवा जो तुम्हाला दर आठवड्याला एकदा एकट्याला गाठून "बाळ कसंय" न विचारता "तू कशी आहेस" विचारेल. आणि त्याला सांगून ठेवा की मी "बरी आहे" म्हटलं तर दुसऱ्यांदा विचार. दोन आठवड्यांच्या वर उदास वाटलं, झोप येईना, सारखी भीती वाटली तर डॉक्टर. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले, किंवा भलतंच काही दिसायला-ऐकायला लागलं, तर त्याच क्षणी, रात्री असेल तर रात्री. जगभरात बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्य नैराश्यच असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मला तेव्हा वाटायचं मी एकटीच.

आठवा_महिना

निळी_छत्री, तुझं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. माझी मावसबहीण आहे, तिला काल फोन करून सांगितलं की दर रविवारी विचारायचंस, आणि दोनदा विचारायचंस. ती लगेच हो म्हणाली.

कामांचा कागद झाला. २७ कामं निघाली, आम्हाला वाटलं होतं १० असतील. नवऱ्याने रात्रपाळी दादांची ९ ते २ वाली पद्धत उचललीय. आता दोन शंका. एक, भेटायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, ओळखीचे खूप आहेत आणि सगळे प्रेमाने येणार. दोन, दूध काढून ठेवलं तर नवरा रात्री पाजू शकेल का, ते किती टिकतं?

दोन_पिल्लांची_आई

नाही म्हणायचं काम तुझं नाहीच, ते नवऱ्याच्या नावावर टाक, अठ्ठाविसावं काम. आम्ही आधीच सगळ्यांना मेसेज केला होता की पहिले ३ आठवडे बाळंतीण आणि बाळ दोघांना आरामाची गरज आहे, त्यानंतर आम्हीच फोन करून बोलावू. जे अगदी जवळचे त्यांना अर्धा तास, हात धुवून, सर्दी-खोकला असेल तर नाही, बाळाचे पापे घ्यायचे नाहीत. दोनजण रागावले. वाढदिवसाला आले तेव्हा विसरले होते.

वॉर्डातली_सिस्टर

दुधाचं: काढलेलं दूध स्वच्छ डब्यात खोलीत ४ तास (खोली २५ डिग्रीच्या आत असेल तर, उकाडा असेल तर लवकर वापरा), फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला ४ दिवस, दारात ठेवू नका. गरम करायचं तर डबा कोमट पाण्यात, मायक्रोवेव्ह नको. पण पहिले ३-४ आठवडे शक्यतो थेट अंगावरच पाजा, दिवसातून ८ ते १२ वेळा, जितकं बाळ ओढेल तितकं दूध तयार होतं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास छाती एकदम भरून दगडासारखी होते, तेव्हा पाजत राहा, मधे मधे थंड कपडा ठेवा, जोरात मसाज करू नका. आणि बाळाला ६ महिने वरचं पाणी सुद्धा नको.

आठवा_महिना

नाव बदलायला हवं आता, बाळ ७ आठवड्यांचं झालं. मुलगी आहे. सिझेरियन झालं शेवटी.

डबे १९ होते, सोळाव्या दिवशी संपले, आणखी १० हवे होते. टोपली रोज भरली गेली. एका हाताने उघडणारी बाटली, ताई, किती वेळा तुझी आठवण काढली. जे जमलं नाही ते म्हणजे ९ ते २, पहिला आठवडाभर सासूबाईंना वाटायचं बाळ आईपासून लांब कशाला, त्यात मी दोन रात्री झोपलेच नाही. मग नवऱ्याने त्यांना वही दाखवली, त्यात माझी झोप पण लिहीत होता तो, २ तास, दीड तास. त्यांनी ती पानं उलटून बघितली आणि त्या रात्रीपासून ९ ते ११ त्या स्वतः बसल्या.

सिस्टर, तुम्हाला मुख्य सांगायचंय. सहाव्या दिवशी दुपारी माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं झोप नाही झाली, होईल कमी. हेच शब्द म्हटले मी. नवरा काहीच बोलला नाही, मशीन घेऊन आला. १६४/१०८. पाच मिनिटांनी परत घेतलं, १६६/११०. अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. गरोदरपणात माझं बीपी एकदाही वाढलं नव्हतं. दोन रात्री ठेवलं, सलाईन, इंजेक्शनं, मुलगी माझ्याजवळच होती, पाजू दिलं. आता गोळी चालू आहे, कालचं १२६/८२. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू का असं मनात येतंय, तपासणी परवा आहे.

वॉर्डातली_सिस्टर

डोळ्यात पाणी आलं वाचून. नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, १२६/८२ हे गोळीमुळे आहे. परवापर्यंत सकाळ-संध्याकाळ बीपी त्याच वहीत लिहा आणि ती वही घेऊन जा. डॉक्टरांना हेही विचारा की पुढे बीपी दर किती काळाने बघत राहायचं, कारण असं झालेल्या बायकांना नंतरच्या आयुष्यात बीपीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते आणि पुढच्या गरोदरपणात पहिल्या भेटीतच हे सांगावं लागतं. आणि पुढच्या बाळाआधी किती अंतर, कोणतं साधन, ते पण परवाच विचारून घ्या, पाळी परत यायच्या आधीही दिवस राहू शकतात.

मुलीचं वजन किती झालं?

आठवा_महिना

४ किलो ६००! वही घेऊन जातेय. मावसबहिणीचा फोन येतोय, रविवार आहे.